गॅल्व्हेस्टनचे वादळ आणि हवानाचे पाद्री

आमच्या जुन्या घराच्या सोप्यावर खुंटीला एक कंदील टांगलेला असे. वीज गेली की तो खाली उतरायचा, काच पुसली जायची, वात वर-खाली व्हायची. बाजारातला दुकानदार त्याला 'हरिकेन' म्हणायचा. हरिकेन म्हणजे वादळ, आणि वादळातसुद्धा विझत नाही म्हणून त्या कंदिलाला हे नाव, हे बऱ्याच वर्षांनी कळले. आमचा कंदील मात्र दार जरा जोरात आपटले तरी मान टाकायचा, ही गोष्ट वेगळी!

शब्दाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा हा शब्द. कोलंबसामागून गेलेल्या स्पॅनिश लोकांनी तो उचलला, इंग्रजांनी त्यांच्याकडून घेतला आणि पोर्तुगिजांनी त्याचा 'फुराकांव' केला. पोर्तुगीज शाळेत शिकलेली आपली जुनी पिढी हा शब्द ओळखते. 'सायक्लोन' हा शब्द तर आपल्याच देशात, कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या तिथल्या इंग्रज अधिकाऱ्याने १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात तो प्रथम वापरला. म्हणजे अटलांटिकमध्ये हरिकेन, आपल्याकडे सायक्लोन किंवा चक्रीवादळ, प्राणी एकच. तापलेल्या समुद्रावर जन्मतो, वाफेवर पोसला जातो, जमिनीवर चढला की उपासमारीने मरतो, आणि मरता मरता हजारोंना घेऊन जातो.

अशाच एका हरिकेनची गोष्ट आज सांगायची आहे. तिच्यात वारा आहे, पाणी आहे. पण त्याहून अधिक एक बंद केलेली तार आहे. तारेच्या एका टोकाला होते हवाना शहरातले जेझुइट पाद्री, आणि दुसऱ्या टोकाला वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीतले साहेब.

अमेरिकेच्या टेक्सास राज्याला लागून मेक्सिकोच्या आखातात गॅल्व्हेस्टन नावाचे एक लांबोळके बेट आहे. बेट कसले, वाळूचा पट्टाच तो! लांबी चाळीसएक किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त पाच. एका बाजूला आखात, दुसऱ्या बाजूला खाडी. १९०० साली या पट्ट्याच्या पूर्व टोकाला अडतीस हजारांच्या आसपास वस्तीचे एक श्रीमंत शहर उभे होते. टेक्सासचा कापूस इथून जगभर जायचा. पेढ्या, नाट्यगृह, विजेचे दिवे, रस्त्यातून धावणाऱ्या ट्रामगाड्या, समुद्रस्नानासाठी लाटांवर खांब रोवून बांधलेली स्नानगृहे, असा सगळा थाट होता. आणि या शहरातली सर्वात उंच जागा समुद्रसपाटीपासून पावणेनऊ फूट! आपल्या खाजन शेतीच्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. भरतीचे पाणी काय चीज आहे हे त्याला ठाऊक असते; म्हणून तो आधी बांध घालतो, मानस बसवतो, आणि मगच शेताचे बघतो. गॅल्व्हेस्टनला बांधच नव्हता.

बांध घालायचा विचार झाला नव्हता असेही नाही. त्याच किनाऱ्यावर इंडियानोला नावाचे एक बंदर होते. १८७५ साली ते एका हरिकेनने मोडले, लोकांनी पुन्हा बांधले. १८८६ साली दुसऱ्या हरिकेनने ते पुन्हा मोडले, आणि यावेळी लोक गाव सोडून निघून गेले ते कायमचे. हे पाहून गॅल्व्हेस्टनमध्ये समुद्रभिंतीची चर्चा सुरू झाली. दिवस गेले, भीती ओसरली, खर्चाचा आकडा मोठा वाटू लागला. चर्चा संपली.

त्या चर्चेवर शेवटचा दगड ठेवला तो शहराच्या हवामान कचेरीच्या प्रमुखाने. आयझॅक क्लाइन हे त्याचे नाव. अमेरिकी हवामान खात्यातला हा हुशार, कष्टाळू आणि महत्त्वाकांक्षी अधिकारी १८८९ पासून गॅल्व्हेस्टनला होता. १८९१ साली स्थानिक वृत्तपत्रात त्याने एक लेख लिहिला. वातावरणाच्या नियमांनुसार ही वादळे उत्तरेकडे आणि मग ईशान्येकडे वळतात, टेक्सासपर्यंत यायचे त्यांना कारण नाही. आणि एखादे आलेच, तरी किनाऱ्याचा उथळ उतार लाटांचे बळ मोडून काढील, शिवाय पाणी पलीकडच्या सखल मुख्य भूमीवर पसरून जाईल, असे त्याचे म्हणणे होते. वादळ या शहराचे मोठे नुकसान करील असे मानणे हा त्याच्या मते निव्वळ भ्रम होता.

गंमत (गंमत कसली!) अशी की विज्ञानाने पुढे नेमके उलटे सिद्ध केले. समुद्र खोल असेल तर वाऱ्याने ढकललेले पाणी खालून परत फिरू शकते. तळ उथळ असला की त्याला मागे जायला वाट राहत नाही, ते किनाऱ्यावर चढतच जाते. ज्या उताराला क्लाइन ढाल समजत होता, तीच पाण्याला वर चढवणारी घसरगुंडी होती.

आता तारेच्या दुसऱ्या टोकाकडे वळू.

क्यूबाची राजधानी हवाना. तिथल्या बेलेन या जेझुइट महाविद्यालयात एक वेधशाळा होती. जेझुइट म्हटले की आपल्याला फ्रान्सिस झेवियर आठवतो, नाहीतर 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचणारे फादर स्टीफन्स. जिथे जायचे तिथली भाषा शिकायची, तिथली माती-पाणी अभ्यासायचे, ही या संघाची जुनी रीत. धर्मप्रसाराच्या इतिहासाबद्दल आपल्या मनात जे काही असेल ते असो, त्यांच्या निरीक्षणाच्या चिकाटीला मात्र दाद द्यावीच लागते. बेलेनमध्ये १८७० साली फादर बेनितो व्हिन्येस आले आणि त्यांनी या चिकाटीचे शास्त्र केले. रोज ठराविक वेळांना वायुभार, वारा, ढगांची दिशा टिपायची. बेटाबेटांवरून तारेने, बोटींच्या कप्तानांकडून तोंडी, मिळेल तशी माहिती गोळा करायची. अगदी उंचावरचे पिसांसारखे पांढरे ढग ज्या बिंदूतून पसरल्यासारखे दिसतात त्या दिशेला वादळाचे केंद्र असते, हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून ताडले. सप्टेंबर १८७५ मध्ये त्यांनी दिलेला वादळाचा पूर्वइशारा खरा ठरला. हरिकेनच्या पहिल्या छापील अंदाजांत त्याची गणना होते. १८९३ साली ते वारले तेव्हा क्यूबाचे कोळी आणि खलाशी त्यांना आपला माणूस मानत होते. त्यांची गादी पुढे फादर लोरेन्सो गांगोइते यांच्याकडे आली.

मधल्या काळात राजकारण बदलले. १८९८ च्या युद्धात स्पेन हरला आणि क्यूबा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात गेला. लष्करापाठोपाठ अमेरिकी हवामान खातेही हवानात येऊन बसले. खात्याचा वॉशिंग्टनमधला प्रमुख होता विलिस मूर. खाते आपल्या मुठीत असावे, इशारा फक्त आपल्याच कचेरीतून निघावा, 'हरिकेन' हा शब्दसुद्धा स्थानिक अधिकाऱ्याने परस्पर वापरू नये, अशी त्याची शिस्त. खात्याच्या हवानातल्या साहेबांना क्यूबाच्या लोकांचे अंदाज म्हणजे भावनेच्या भरात केलेली आरडाओरड वाटे. वीस-पंचवीस वर्षे त्या आकाशाखाली नोंदी ठेवणाऱ्या माणसांबद्दल हे मत! ऑगस्ट १९०० च्या अखेरीस, म्हणजे ऐन वादळांच्या हंगामात, क्यूबातून हवामानाविषयीच्या तारा पाठवण्यावर बंदी घालण्यात आली. तारखात्यावर लष्कराचाच हात होता, त्यामुळे हुकूम अंमलात यायला वेळ लागला नाही.

आणि २७ ऑगस्टला अटलांटिकमध्ये, वेस्ट इंडीज बेटांच्या बऱ्याच पूर्वेला, एका जहाजाला खराब हवामान भेटले होते.

त्या वादळाला नाव नव्हते. तेव्हा वादळांना नावे देण्याची पद्धत सुरू झाली नव्हती. ३० ऑगस्टच्या सुमारास ते अँटिग्वावरून गेले, मग हिस्पानिओला, मग क्यूबा. या टप्प्यावर ते काही फार भयंकर नव्हते. वाऱ्यापेक्षा पाऊस जास्त. क्यूबाच्या सांतियागो शहरात एका दिवसात साडेबारा इंच पडला. आपल्या आषाढाला ते अपरूप नाही, पण तिथे त्याने दाणादाण उडवली. क्यूबा ओलांडून ५-६ सप्टेंबरला वादळ फ्लोरिडाजवळच्या समुद्रात आले, आणि इथे दोन मते झाली.

वॉशिंग्टनचे मत असे की आता ते नियमाप्रमाणे उत्तरेकडे वळणार आणि अटलांटिक किनाऱ्याने वर जाणार. त्यांनी पूर्व किनाऱ्याला इशारे दिले, पार न्यू जर्सीच्या मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका म्हणून सांगितले. हवानात फादर गांगोइते आकाश बघत होते. चंद्राभोवती रात्रभर टिकलेले मोठे खळे, पहाटेचे रक्तासारखे लाल आकाश, उंच ढगांची चाल. त्यांनी अनुमान काढले की वादळ वळलेले नाही, ते आखातात शिरले आहे, वायव्येला टेक्सासकडे निघाले आहे आणि आता कितीतरी अधिक बळावले आहे. उत्तरेकडे उच्च दाबाचा पट्टा आडवा होता, त्यामुळे वादळाला वळायला जागाच नव्हती, असे आज अभ्यासक सांगतात. पुढे होते उन्हाळाभर तापलेले आखाताचे पाणी. सामान्य वादळाचा राक्षस झाला तो त्या पाण्यावर, दोन-तीन दिवसांत. 'लुइझियाना' नावाची एक आगबोट त्याच्या तावडीत सापडून कशीबशी बाहेर पडली. पण बोटींवर बिनतारी यंत्रणा अजून आलेली नव्हती. आखाताच्या मध्यभागी काय चालले आहे हे सांगायला कोणी नव्हते. सांगू शकत होते ते हवानाचे लोक, आणि त्यांच्या तोंडावर हात ठेवलेला होता.

शुक्रवार, ७ सप्टेंबरला गॅल्व्हेस्टनच्या कचेरीवर वादळाचा बावटा चढला. साधा, नेहमीचा बावटा. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास क्लाइन किनाऱ्यावर गेला तेव्हा त्याला जे दिसले ते त्याच्या कोणत्याच पुस्तकात बसत नव्हते. वारा उत्तरेचा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. अशा वाऱ्यात समुद्र मागे हटायला हवा. आणि इथे तर दक्षिणेकडून लांबच लांब, जड लाटा वाऱ्याला न जुमानता येत होत्या आणि पाणी किनाऱ्यालगतच्या गल्ल्यांत शिरत होते. आपल्याकडचा एखादा म्हातारा रापणकार किंवा जुना तारवटी तिथे असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. दूरच्या वादळाने हाकललेली लाट वादळाच्या पुढे धावते. तीच त्याची वर्दी असते. क्लाइनने वॉशिंग्टनला तार केली. विरुद्ध वाऱ्यात एवढे पाणी आजवर कधी पाहिले नाही, अशा आशयाची.

गावाला मात्र मौज वाटत होती. मुले गुडघाभर पाण्यात खेळत होती. मोठी माणसे ट्राममधून लाटा बघायला समुद्राकडे निघाली होती. तिथली स्नानगृहे डोळ्यांदेखत फुटू लागली, तेव्हा मौज संपली. दुपारपर्यंत मुख्य भूमीकडचे पूल पाण्याखाली जाऊ लागले. म्हणजे पळून जायची वाट शहाणपण सुचण्याआधीच बंद झाली. खाडीचे पाणी उत्तरेच्या वाऱ्याने मागून शहरात लोटले जात होते आणि आखाताचे समोरून. मध्ये शहर.

संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास वारा मोजणारे यंत्र ताशी शंभर मैलांचा झोत नोंदवून छपरावरून उडून गेले. त्यानंतरचा वारा कोणी मोजला नाही. अभ्यासकांचा अंदाज ताशी सुमारे २३० किलोमीटरचा आहे. वादळाचे केंद्र शहराच्या पश्चिमेकडून जमिनीवर चढले, त्यामुळे शहर सापडले त्याच्या उजव्या अंगाला. आपल्या गोलार्धात हे अंग सर्वात वाईट. तिथे वाऱ्याचा वेग आणि वादळाच्या चालीचा वेग एकत्र होतात आणि वारा समुद्राला थेट किनाऱ्यावर रेटतो. साडेसातच्या सुमारास, वारा पूर्वेकडे फिरत असताना, पाणी एकाएकी चार फूट चढले. तितक्याच सेकंदांत, असे क्लाइनने अहवालात लिहिले आहे. शहराची सर्वात उंच जागा पावणेनऊ फुटांवर, आणि पाणी पंधरा फुटांवर.

खरा संहार पाण्याने आणि पाण्यावरच्या लाकडाने केला. समुद्राकडची पहिली रांग मोडली, तिच्या तुळया-फळ्या दुसऱ्या रांगेवर आदळल्या. दुसरी मोडली, तिचे ओझे तिसरीवर. घरांनीच घरे पाडली. शेवटी या ढिगाऱ्याची दोन मजली भिंत तयार झाली आणि ती जिथे अडकली त्याच्या मागची वस्ती वाचली. म्हणजे नसलेला बांध शेवटी मोडक्या घरांनीच घातला.

क्लाइनचे घर मजबूत म्हणून प्रसिद्ध होते. पन्नासेक माणसे त्याच्या आसऱ्याला आली होती. ट्रामच्या रुळांचा एक लांबलचक तुकडा लाटांवरून येऊन त्या घरावर आदळू लागला आणि घर कलंडले. पन्नासांतले अठरा वाचले. क्लाइन, त्याचा भाऊ जोसेफ (तोही हवामान खात्यातलाच) आणि क्लाइनच्या तिन्ही मुली ढिगाऱ्यावर तरंगत वाचल्या. गरोदर पत्नी कोरा गेली. तिचे शव सप्टेंबरच्या अखेरीस सापडले. बोटातल्या अंगठीवरून ओळखले.

शहराच्या पश्चिमेला अगदी किनाऱ्यावर जोगिणींनी चालवलेला सेंट मेरीज अनाथाश्रम होता. ८ सप्टेंबर हा मारियेच्या जन्माचा सण. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरीही तो दिवस मोठा. आश्रमात ९३ मुले आणि दहा जोगिणी होत्या. पाणी चढू लागले तसे सगळे मुलींच्या नव्या, भक्कम इमारतीत जमले. भीती वाटू नये म्हणून जोगिणींनी मुलांकडून समुद्रात संकटात सापडलेल्यांचे एक स्तोत्र म्हणवून घेतले. मग कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणून प्रत्येकीने काही मुले आपल्या कमरेला बांधली. आपल्यापासून कोणी सुटू नये म्हणून. तीन मोठी मुलगे वाचले. ते एका झाडाला धरून होते. बाकी कोणी नाही. वाळू उपसताना शवे सापडली तेव्हा दोर तसेच बांधलेले होते.

एकूण किती गेले? सहा ते बारा हजार. सर्वसाधारणपणे आठ हजार धरतात. अमेरिकेच्या इतिहासात एका नैसर्गिक आपत्तीने इतके बळी आजवर घेतलेले नाहीत. साडेतीन हजारांवर घरे नाहीशी झाली. पूल गेले, तारा गेल्या. बातमी बाहेर न्यायला काही माणसांना होडीने खाडी ओलांडावी लागली. शवांचे काय करायचे हा प्रश्न भयानक होता. प्रथम सातशे शवे तराफ्यावर घालून समुद्रात नेऊन सोडली. दुसऱ्या दिवसापासून ती परत किनाऱ्याला लागू लागली. मग जागोजागी चिता रचल्या, त्या कित्येक आठवडे धुमसत होत्या. हे काम कोणाच्या माथी मारले गेले? बंदुका रोखून काळ्या लोकांच्या. वृत्तपत्रांनी त्याच लोकांवर मढ्यांची बोटे कापून अंगठ्या चोरल्याचे आरोप रंगवून छापले. पाण्याने गोरा-काळा भेद केला नव्हता. तो पाणी ओसरल्यावर लगेच परत आला.

मदत मात्र देशभरातून आली. अमेरिकन रेड क्रॉसची संस्थापिका क्लारा बार्टन ७८ व्या वर्षी स्वतः येऊन राहिली.

आणि विलिस मूर? आपल्या खात्याने वेळेवर इशारा दिला होता, असे तो सांगत राहिला. क्यूबाच्या तारांवरची बंदी उठवावी लागली, पण तिच्याबद्दल कोणाला जाब द्यावा लागला नाही. क्लाइनने पुढे लिहिले की त्या दिवशी आपण घोडागाडीतून किनाराभर फिरून हजारो लोकांना उंच जागी जायला सांगितले. अलीकडच्या अभ्यासकांना याबद्दल शंका आहे. वाचलेल्यांच्या आठवणींत ती घोडागाडी फारशी भेटत नाही. मला या माणसाचा राग धरता येत नाही. त्याची चूक त्याच्याइतकी कोणीच भोगली नाही. १९०१ साली त्याची बदली न्यू ऑर्लिन्सला झाली आणि उरलेल्या कारकिर्दीत त्याने हरिकेनचाच पिच्छा पुरवला. १९२६ साली या वादळांवर त्याचा ग्रंथ आला. वादळात माणसे मरतात ती मुख्यतः चढलेल्या पाण्याने, हे तो त्यानंतर आग्रहाने मांडत राहिला. १८९१ च्या लेखाचे हे उत्तर त्याने स्वतःच दिले.

हवानाची तार पोहोचली असती तर गॅल्व्हेस्टन वाचले असते का, हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारला. शहर रिकामे झाले असते असे मला वाटत नाही. लाटा घरात शिरेपर्यंत ज्यांना मौज वाटत होती, ते परक्या पाद्र्याच्या सांगण्यावरून शुक्रवारीच गाडीत बसले असते, हे कठीण दिसते. पण काही कुटुंबे निघाली असती. पूल उघडे होते, गाड्या चालू होत्या. किनाऱ्यावरचा तो अनाथाश्रम एक दिवस आधी शहरात हलवता आला असता. आठ हजारांतले आठशे वाचणे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

त्यानंतर गॅल्व्हेस्टनने जे केले त्याला तोड नाही. १९०२ ते १९०४ या काळात सतरा फूट उंच, पाच किलोमीटरहून लांब अशी काँक्रीटची समुद्रभिंत उभी राहिली. तिची योजना करणाऱ्या तीन अभियंत्यांत हेन्री मार्टिन रॉबर्ट होते. सभा कशी चालवावी याच्या नियमांचे पुस्तक लिहिणारे तेच हे रॉबर्ट. एवढ्यावर न थांबता अख्खे शहर वर उचलले! दोन हजारांहून अधिक इमारती हाताने फिरवायच्या जॅकवर एकाच वेळी इंच इंच वर चढवल्या आणि खाली समुद्रातली वाळू-चिखल नळांतून भरला. तीन हजार टनांचे एक चर्चही असेच वर गेले. लोक वर्षानुवर्षे घरातून घरात लाकडी साकवांवरून चालत होते. १९११ पर्यंत हे काम चालले. १९१५ साली जवळपास तितकेच जोरदार हरिकेन आले, भिंत टिकली आणि शहरही टिकले. वैभव तेवढे परत आले नाही. १९०१ च्या जानेवारीत टेक्सासात तेल सापडले, १९१४ साली ह्यूस्टनपर्यंत मोठ्या बोटींसाठी कालवा उघडला आणि व्यापार आत सरकला.

मे २०२१ मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा दोन दिवस आधीपासून फोनवर नकाशे, बाण आणि तासातासाचे अंदाज येत होते. उपग्रह आकाशातून बघत होते आणि मुरगाव बंदरावर बावटा होताच. आमच्याकडे माड पडले, वीज गेली. जुना कंदील शोधला, तर वात सापडली नाही.

अनाथाश्रमाची जागा आज समुद्रभिंतीजवळ आहे, तिथे एक स्मृतिफलक लावलेला आहे. त्या जोगिणींचा संघ अजून आहे. दरवर्षी ८ सप्टेंबरला, जगात जिथे कुठे त्यांची घरे असतील तिथे, त्या संध्याकाळी मुलांनी म्हटलेले ते स्तोत्र त्या म्हणतात.